लोखंडाचा रंग

असल्फ्याच्या म्युनिसिपल शाळेत चित्रकला शिकवणारे सहदेव तावडे सर संध्याकाळी घरी बसून मेलेल्या माणसांचे डोळे उघडत.

ऐकायला हे काम विचित्र वाटेल. पण पंच्याऐंशी सालाच्या आसपास घाटकोपर-अंधेरीकडच्या वस्त्यांत ते नेहमीचं होतं. जिवंतपणी फोटो काढून घ्यायचं कुणाच्या डोक्यात येत नसे, आणि आलं तरी आज-उद्या करता करता राहून जाई. माणूस गेला की मग धावाधाव. नाक्यावरच्या चंद्रप्रकाश स्टुडिओवाल्याला बोलावून आणायचं, प्रेताला भिंतीशी टेकवून बसवायचं, नाकातला कापूस फोटोपुरता काढायचा आणि एक फोटो घ्यायचा. तो मोठा होऊन सरांकडे येई. सर त्यावर हलका हलका रंग चढवत. काळ्याला गोरा करत, देवीचे व्रण बुजवत, पुरुषाला कोट घालत, बाईच्या गळ्यात ठुशी. आणि सगळ्यात शेवटी, मिटलेल्या पापण्यांवर दोन उघडे डोळे.

सरांचे डोळे ठरलेले होते. बदामी आकार, तपकिरी बुबुळ, वरच्या अंगाला एक पांढरा ठिपका. हात असा बसला होता की रेडिओवरच्या बातम्या संपायच्या आत दोन्ही डोळे तयार. मेलेला माणूस काही तक्रार करत नाही. घरच्यांना तर डोळे उघडे दिसले की इतकं रडू येई की ते कुणाचे आहेत हे पाहायची कुणाला शुद्ध नसे.

भाद्रपद संपत आला होता. त्या सोमवारी संध्याकाळी सरांच्या दारात एक बाई उभी राहिली. तिशीची, पण चेहरा पन्नाशीचा. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी.

"सर हायत? मी सुगंधाची आई. जानकी. चौथी ब मधली सुगंधा घाडी."

सरांना नाव ऐकल्यासारखं वाटलं. मग आठवलं. गेल्या आठवड्यात प्रार्थनेच्या वेळी हेडबाईंनी दोन मिनिटं सगळ्यांना उभं केलं होतं. त्या दोन मिनिटांत सर, ऑफिसातून रंगीत खडूंचे खोके अजून का आले नाहीत, याचा विचार करत होते.

"या, आत या," सर म्हणाले. "फार वाईट झालं. काय झालं होतं तिला?"

"कावीळ."

जानकीनं कागद सोडला. नऊ वर्षांची मुलगी भिंतीला टेकून बसली होती. केस घट्ट विंचरलेले, डोळे मिटलेले, मान जराशी कलती. गळ्यात काड्यांची एक लांब माळ, पार पोटापर्यंत आलेली.

"पहिली ती माळ काढा सर. पुसून टाका." जानकीचा आवाज सपाट होता. "आमच्याकडचा एक म्हातारा बांधतो. कावीळ उतरायला लागली की माळ लांबते म्हणतात. ही लांबत गेली. पहिल्या दिवशी गळ्याशी होती, तिसऱ्या दिवशी छातीवर आली. आम्ही खूश. शेजारणींना बोलावून दाखवली. डॉक्टर कशाला, म्हटलं, उतरतेय की. सहाव्या दिवशी माळ पोटावर आली आणि त्याच रात्री ती गेली."

सरांची बायको प्रेमा पाण्याचा तांब्या घेऊन आली होती. ती तशीच उभी राहिली.

"काड्या सुकल्या की गाठी सैल होतात, म्हणून लांबते ती," जानकी म्हणाली. "हे मला मागाहून हॉस्पिटलातल्या नर्सनं सांगितलं."

मग ती पुढे सरकली आणि फोटोतल्या पापण्यांवर तिनं बोट ठेवलं.

"डोळे तुम्हीच काढायचे सर. स्टुडिओवाला म्हणत होता मी करून देतो. म्हटलं नको. मला तिचे डोळे आठवत नाहीत. खरंच सांगते. शेवटी शेवटी हळदीसारखे पिवळे झाले होते, तेवढेच समोर येतात. त्याच्या आधीचे आठवायला गेले की पिवळे. ह्यांना विचारलं तर ते भिंतीकडे तोंड करून झोपतात. तुम्ही दोन वर्षं शिकवलंत तिला. चित्रकलेचे सर म्हणजे बघणारा माणूस. तुम्हाला आठवत असणार ना?"

"आठवतात की," सर म्हणाले.

का म्हणाले, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. शिक्षकाच्या तोंडून 'नाही' लवकर निघत नाही, एवढंच.

"रविवारच्या एस.टी.नं आम्ही गावाला जातोय. कुडाळला. परत नाही येणार. त्याच्या आत द्या."

बुधवारी फोटो तयार झाला. माळ गेली होती. तिच्या जागी सरांनी निळं झालरीचं पोलकं काढलं होतं, गाल गुलाबी केले होते, कानांत मोत्याच्या कुड्या घातल्या होत्या. आणि डोळे उघडले होते. सरांना स्वतःला तो बरा वाटला.

जानकीनं तो उजेडात नेऊन धरला. बराच वेळ पाहिला. रडली नाही.

"सर, हे अप्पांचे डोळे."

"कोण अप्पा?"

"आमच्या शेजारचे. दोन वर्षं झाली जाऊन. त्यांचा फोटो तुम्हीच केलात ना? येता-जाता त्यांच्या दारातून दिसतो मला. हेच डोळे. हा ठिपकासुद्धा."

आत भाजी चिरत असलेल्या प्रेमाची विळी थांबली. सर चष्मा काढून पुसू लागले.

"तुम्ही तिला बघितलंच नव्हतं का सर?"

रागानं विचारलं असतं तर सरांना बरं वाटलं असतं. पण ती नुसतं विचारत होती.

"बासष्ट मुलं असतात हो वर्गात."

"होय," जानकी म्हणाली. "बासष्ट म्हणजे जास्तीच." तिनं फोटो परत वर्तमानपत्रात गुंडाळला आणि त्यांच्या हातात दिला. "शनिवारपर्यंत बघा जमलं तर. नाही जमलं तर मिटलेलेच राहू देत. दुसऱ्याचे नकोत."

ती गेल्यावर प्रेमा बाहेर आली. "खोटं कशाला बोललात तिच्याशी?"

"आठवेल असं वाटलं होतं गं."

"आठवायला आधी बघावं लागतं," प्रेमा म्हणाली आणि विळीवर बसली.

गुरुवारी सर चौथी ब वर गेले तेव्हा त्यांनी सुगंधा बसायची त्या तिसऱ्या बाकाकडे, मुलांना विचारून, प्रथमच नीट पाहिलं. जागा भरून निघाली होती. उरलेल्या दोघी पसरून बसल्या होत्या. सरांनी खूप ताण दिला. दोन वेण्या आठवल्या, पण दोन वेण्या वर्गात वीस जणींना होत्या. खाली घातलेली मान आठवली. बास. दर आठवड्याला दोन तास, दोन वर्षं, आणि हाती लागला तो एक भांग.

"विमला," त्यांनी तिच्या शेजारणीला उठवलं. "सुगंधाचे डोळे कसे होते गं?"

विमला घाबरली. "दोन होते सर."

वर्ग हसला. सर हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत, तेव्हा मुलं आपोआप गप्प झाली.

"घाबरू नकोस. आठवेल ते सांग."

"ती सर... मधल्या सुट्टीत साकीनाक्याला जायची. बाबांना डबा द्यायला. तिकडून सालपटं आणायची, लोखंडाची. कंपासपेटीत ठेवायची. आम्हाला हात लावू द्यायची नाही, कापतं म्हणायची." विमलानं जरा दम घेतला. "तिनं त्याचं चित्र पण काढलेलं. तुम्ही ओरडलात तिला."

तास संपल्यावर सरांनी कपाट उघडलं. पहिल्या चाचणीचे कागद दोऱ्यानं बांधून ठेवले होते. विषय होता 'मला आवडलेले दृश्य'. कागद उलटत गेले. दोन डोंगर, मध्ये सूर्य, खाली झोपडी, बाजूला नारळ. दोन डोंगर, मध्ये सूर्य. आवडलेलं दृश्य म्हणून सरांनी फळ्यावर जे काढलं होतं, तेच साठ मुलांना आवडलं होतं. यात मुलांचा काय दोष? साकीनाक्याच्या पोरांनी दोन डोंगरांमधून उगवणारा सूर्य कधी पाहिला असणार?

तिचा कागद मध्येच निघाला. त्यावर डोंगर नव्हते. कागदभर वेटोळीच वेटोळी होती, एकात एक अडकलेली, स्प्रिंगांसारखी. कुठे गवती पिवळा, पिवळ्यातून हळूच जांभळा, जांभळ्यातून मोरपिशी निळा. स्वस्तातले पाण्याचे रंग, पण एक रंग दुसऱ्यात कसा उतरतो ते तिनं ओल्या कागदावर पकडलं होतं. ते सरांनी कुणालाच शिकवलेलं नव्हतं. खाली तिनं बारीक अक्षरात लिहिलं होतं : 'बाबांच्या मशीनवरचे लोखंड'. आणि त्याखाली लाल शाईत सरांचं अक्षर : 'हे काय? लोखंड काळे असते. नीट बघून काढ. ३/१०.'

सरांनी ती लाल ओळ दोनदा वाचली. मग त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत ते साकीनाक्याला गेले. तीस वर्षं शाळेत काढून ते त्या गल्लीत कधी शिरले नव्हते. पत्र्याच्या शेड, ग्रीसनं काळी झालेली जमीन, एकाशेजारी एक मशीनं, आणि कानाचे पडदे फाटतील असा आवाज. गुणाजी घाडी मागच्या कोपऱ्यात लेथवर उभा होता. पूर्वी तो गिरणीत होता. संपात गिरणी गेल्यावर इथे आला. उद्या त्याचा इथलाही शेवटचा दिवस होता.

"सर? तुम्ही इकडे?" तो गोंधळला. हात पुसायला चिंधी शोधू लागला.

"चालू दे तुझं काम. बघायला आलोय."

"ह्यात काय बघायचं?" पण त्यानं मशीन चालू केलं. लोखंडाचा दांडा गरगर फिरू लागला. गुणाजीनं पातं टेकवलं, आणि दांड्यातून एक सालपट सुटलं.

सुटलं तेव्हा ते चांदीसारखं होतं. बोटभर पुढे आलं तोवर गवती पिवळं झालं. मग सरांच्या डोळ्यांदेखत त्यात जांभळं शिरलं, वांग्याच्या सालीसारखं, आणि वळत वळत खाली पडता पडता ते निळं होऊन गेलं. मोराच्या मानेसारखं निळं. त्याच्या मागून दुसरं आलं. पायाशी त्या निळ्या-जांभळ्या वेटोळ्यांचा ढीग पडला होता. त्यातूनच कामगार चपला फरफटत ये-जा करत होते.

चोपन्न वर्षांचा माणूस, रंगांवर पोट भरणारा, आणि लोखंडाचा रंग त्याला आज कळत होता. तोही एका मेलेल्या मुलीच्या सांगण्यावरून.

गुणाजीनं मशीन थांबवलं.

"ती इथे यायची का?" सरांनी विचारलं.

"रोज. डबा घेऊन. त्या खोक्यावर बसायची. मी ओरडायचो, गो, लांब बस, डोळ्यात जाईल." तो खोक्याकडे बघत नव्हता. "आणि बसली की असं करायची."

त्यानं डोळे बारीक केले. पापण्या जवळ आणल्या, खालची कड वर उचलली, भुवया जराशा आत ओढल्या. क्षणभर त्या तेलकट, दाढी वाढलेल्या चेहऱ्यावर कुणीतरी वेगळंच येऊन बसलं.

"मी म्हणायचो, नंबर लागला की काय पोरीला? तर म्हणायची, नाही बाबा, असं केलं की बाकीचं जातं आणि रंग राहतो."

चित्रशाळेत पहिल्याच आठवड्यात सरांच्या गुरूंनी हेच सांगितलं होतं, डोळे बारीक करून बघा म्हणून. मोठमोठ्या पोरांना ते महिनोन् महिने जमत नसे. ह्या मुलीला खोक्यावर बसून आपलं आपण सापडलं होतं.

"मग एक दिवस आली आणि मला विचारलं, बाबा, लोखंड काळं असतं का?" गुणाजी सांगत होता. "म्हटलं कोण म्हणतं? तर म्हणे, सर. म्हटलं, मग असेल. सर शिकलेले. त्यांना जास्ती कळतं का आपल्याला? त्यानंतर नाही बसली. डबा ठेवायची आणि जायची. मला वाटलं मोठी झाली, लाजत असेल." त्यानं चिंधीनं पात्यावरचं तेल पुसलं. "काळंच ना सर ते? माका काय त्यातला कळता?"

समोर ढीग पडला होता, निळा, जांभळा, पिवळा.

"नाही," सर म्हणाले. "तिचं बरोबर होतं. मी चुकलो."

गुणाजी त्यांच्याकडे पाहत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग आला नाही. राग येण्याआधी जे येतं तेच येऊन थांबलं. मग त्यानं पुन्हा मशीन चालू केलं, आणि त्या आवाजात पुढे कुणाला काही बोलता येण्यासारखं नव्हतं.

परत येताना सर डोळे बारीक करून चालत होते. गटाराच्या पाण्यावर तेलाचा तवंग हलत होता, त्यात हिरवा आणि शेंदरी होता. गंजलेल्या शटरवर शेंदूर, काव, वीट, कितीतरी तांबडे होते. भंगाराच्या दुकानातल्या पत्र्याच्या डब्यांवर उन्हाची एकच पट्टी पडली होती, पण प्रत्येक डब्यानं ती आपापल्या परीनं परत केली होती. रोजचाच रस्ता. त्यांचा ऊर भरून आला, आणि त्याच क्षणी त्यांना त्याची लाज वाटली. हा आनंद आपला नाही, एका पोरीकडून काढून घेतलेला आहे, असं त्यांना वाटत राहिलं.

घरी प्रेमा वर्सोव्याच्या कोळणीकडून घेतलेले बांगडे साफ करत होती. सर उंबऱ्यातच थांबले. माशाच्या पाठीवर हिरवट निळ्या लाटा, पोटाला मोत्याची झाक, आणि प्रेमाच्या बोटांवर पातळ झालेलं लाल.

"काय झालं? चष्मा हरवला का?" प्रेमानं विचारलं.

"नाही. बघतोय."

"तीस वर्षांनी? आणि तेही मी मासे कापताना?" ती म्हणाली. पण त्यांचा चेहरा पाहून दिव्याखालचं टेबल पुसून द्यायला उठली.

सरांनी बुधवारचे डोळे खरवडून काढले. झालरीचं पोलकं काढून शाळेचा साधा निळा गणवेश केला, कुड्या पुसल्या, गालांवरचा गुलाबी उतरवून तिचा सावळा रंग परत आणला. मग आरसा समोर ठेवला आणि गुणाजीनं दाखवलं तसे डोळे बारीक केले. दोन तासांत चार वेळा काढले, चार वेळा पुसले. आरशात प्रत्येक वेळी सहदेव तावडेच दिसत होते. शेवटी त्यांनी आरसा पालथा घातला, खिशातला कागद काढून समोर ठेवला, आणि हे बघणारी मुलगी कशी बघेल तेवढंच मनात धरून कुंचला टेकवला. पांढरा ठिपका घातला नाही. बुबुळाच्या कडेला निळ्याची एक बारीक रेघ ओढली, कारण जे समोर असतं त्याचा रंग डोळ्यात उतरतोच.

शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर ते स्वतः फोटो घेऊन घाडींच्या खोलीवर गेले. खोलीत दोन ट्रंका आणि एक वळकटी बांधून ठेवली होती. भिंतीवरचे खिळेसुद्धा काढले होते. गुणाजी कामावरून आला नव्हता.

जानकीनं फोटो हातात घेतला, आणि पहिल्यांदा तिच्या तोंडून आवाज फुटला. रडण्याचाही नव्हता तो. पाय घसरल्यावर फुटतो तसा.

"ही," ती म्हणाली. "हीच. असंच बघायची. मी हाका मारायचे तर ओ द्यायची नाही. मी म्हणायचे, कुठे लागलंय ध्यान?" तिनं फोटो लांब धरला, मग जवळ आणला, मग चटकन पालथा करून मांडीवर ठेवला.

"चुकलं का काही?" सरांनी विचारलं.

"नाही. बघतेय ती."

बाहेर नळावर कुणीतरी बादलीवरून भांडत होतं.

"हे भिंतीवर नाही लावता येणार सर. सासू म्हणेल लाव, हार घाल. पण ही माझ्याकडे बघत असताना मी चुलीपुढे बसू कशी? माळ लांबली म्हणून मी हसत होते, तेव्हा पण ही बघतच होती ना?"

सर म्हणाले, "साधे काढून देऊ का? नेहमीचे? संध्याकाळपर्यंत होतील."

"नको." जानकीनं फोटोवर तळहात ठेवला. "आता नको. ट्रंकेत ठेवीन. मला हवी असेल तेव्हा काढीन, नाही तेव्हा मिटून ठेवीन."

सरांनी खिशातून चित्राचा कागद काढला आणि तिच्यापुढे ठेवला. लाल शाई पांढऱ्या रंगाखाली बुजवायला त्यांना पाच मिनिटं लागली नसती. त्यांचा रोजचाच धंदा होता तो. पण त्यांनी ती बुजवली नव्हती.

जानकीला वाचता येत नव्हतं. तिनं रंगांवरून बोट फिरवलं आणि लाल अक्षरांपाशी आणून थांबवलं.

"हे काय लिहिलंय?"

सरांनी वाचून दाखवलं. एक शब्दही न गाळता. मग म्हणाले, "हे मी लिहिलंय. बाई, ते खोटं आहे."

जानकीनं कागदाची परत घडी घातली, फोटोवर ठेवली, आणि दोन्ही ट्रंकेतल्या लुगड्यांच्या मध्ये सरकवून झाकण लावलं. "हे यायच्या आत जा सर," ती म्हणाली. "काल रात्रीपासून ते एकच म्हणतायत, मी तिला सांगायला हवं होतं, मला तर रोज दिसत होतं." ती उठून दाराशी गेली आणि सर बाहेर पडेपर्यंत तिथेच उभी राहिली.

सोमवारी चौथी ब मध्ये सरांनी फळ्यावर काही काढलं नाही. त्यांनी हजेरी घ्यायला सुरुवात केली. नाव पुकारलं की चष्म्यातून वर बघायचे, त्या मुलाकडे, नीट, आणि मगच पुढचं नाव. मुलांना वाटलं सर रागावलेत, कुणीतरी काहीतरी केलंय. पोरं एकमेकांकडे बघत, चुळबुळत 'हजर' म्हणत होती. एकाच्या भुवईत खोक होती. एकीचा एक डोळा दुसऱ्यापेक्षा फिका होता. एकजण बोलताना उजव्या बाजूनं वर बघायचा.

घंटा झाली तेव्हा चौतीस नावं झाली होती.